अक्कांच्या गॅलरीतले टप

माणसाचा चेहरा विसरून त्याची चाल लक्षात ठेवणारी कोल्हापुरात एकच व्यक्ती मला माहीत आहे, ती म्हणजे राजारामपुरीतल्या आमच्या घरमालकीणबाई. सगळे भाडेकरू त्यांना अक्का म्हणत. मी खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझं नाव, गाव, नोकरी काहीच विचारलं नाही. मी जिना चढत होतो आणि त्या वरून नुसतं ऐकत होत्या. दारात पोहोचलो तसं म्हणाल्या, "डावी टाच दुखतीया न्हवं?" मी क्लासमध्ये गणित शिकवतो, दिवसाचे सहा-सात तास फळ्यापुढे उभा असतो. टाच दुखत होतीच. "मग बसा की. खोली कुठं पळून जात न्हाय." खोली मी त्या दिवशी पाहिलीच नाही. अर्धा तास गॅलरीत निळ्या टपात पाय बुडवून बसलो आणि राहायला येतो असं सांगून उतरलो.

अक्कांनी पस्तीस वर्षं खानावळ चालवली होती. सकाळ-संध्याकाळ चुलीपुढे, पुढे गॅसपुढे उभं राहून भाकऱ्या थापल्या. खानावळ बंद केली तोवर गुडघे कामातून गेले होते. कुणा डॉक्टरांनी त्यांना गरम पाण्यात एप्सम सॉल्ट घालून पाय शेकायला सांगितलं. डॉक्टर ते वाक्य त्याच दिवशी विसरले असतील, अक्कांनी मात्र पुढची सगळी वर्षं त्याला वाहून टाकली. त्यांना बरं वाटलं हे खरं. मग जे आपल्याला बरं वाटलं ते राजारामपुरीतल्या प्रत्येकाला का वाटू नये, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

या मिठाचं शास्त्रीय नाव मॅग्नेशियम सल्फेट आहे आणि ते उसालाही घालतात, हा शोध त्यांना गडहिंग्लजला भावाच्या शेतात लागला. येताना त्यांनी पंचवीस किलोचं पोतंच एसटीत घातलं. खालचा औषधवाला हात जोडून सांगत होता, "अक्का, ते शेतीचं हाय. अंगाला आमच्याकडचं पाकीटच वापरा." अक्का म्हणाल्या, "उसाला चालतंय आणि मला चालत न्हाय? ऊस काय माझ्यापेक्षा दांडगा हाय?" त्याच्याशी दोन दिवस भांडल्या, मग गुपचूप पाकीट घेऊन आल्या. पोतं गच्चीवरच्या कढीपत्त्याला गेलं.

त्यांच्याकडे एक फवाराही होता. मॅग्नेशियमचं तेल म्हणायचं, पण त्यात तेलाचा थेंब नसतो; दाट खारं पाणी, हाताला तेलकट लागतं एवढंच. काचा पुसायच्या औषधाची रिकामी बाटली घासून, धुऊन त्यात ते भरलेलं असायचं आणि अक्का ती पर्समध्ये घेऊन हिंडायच्या. बँकेतल्या कॅशिअरची मान आखडलेली दिसली तेव्हा त्यांनी जाळीतून हात घालून फवारा मारला. तो बिचारा नुकताच दाढी करून आलेला. खुर्चीवरून उठून तो नाचायला लागला, तर अक्का रांगेतल्या लोकांना सांगत होत्या, "चुणचुणतंय म्हंजे काम करतंय." भाचीच्या लग्नात तर नवरी स्टेजवर तीन तास उभी राहून रडकुंडीला आलेली बघून त्यांनी सोफ्यापुढे टप सरकवला आणि वर शालू पसरला. पाहुणे हात मिळवून, फोटो काढून जात होते आणि नवरी शांतपणे हसत होती. फोटोग्राफर म्हणाला, आता चेहरा खुलला बघा. थोड्या वेळाने नवऱ्यानेही एक पाय आत घातला.

पाणी अक्का स्वतःच्या हाताने बघायच्या. घागर ओतायची, हात बुडवायचा, "कोमट हाय" असं जाहीर करायचं. ते कधीच कोमट नसायचं. पस्तीस वर्षं तव्यावरची भाकरी बोटांनी उलटलेल्या त्या हाताला काही लागतच नव्हतं. आम्ही सगळे त्यांची पाठ वळली की गार पाण्याचा एक तांब्या आत ओतायचो. हे त्यांना कुणी कधी सांगितलं नाही. त्यांना वाईट वाटेल, एवढाच विचार केला.

खालच्या गाळ्यात शिलाईचं दुकान असलेले चाचा रोज चार वाजता वर यायचे. दिवसभर मशीन मारून पोटऱ्या भरून यायच्या. त्यांना साखरेचा आजार होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचा पायाशी काय संबंध, हे कुणालाच नाही. एका दिवाळीच्या सुट्टीत मी गॅलरीत पेपर तपासत बसलो होतो. अक्कांनी पाणी ओतलं, हात घातला; पेपरांच्या नादात गार पाण्याचा तांब्या ओतायचं मी विसरलो. चाचांनी पाय सोडले आणि डोळे मिटून म्हणाले, "अल्ला, काय बरं वाटतंय." खाली पडलेला पेन उचलताना माझी बोटं टपातल्या पाण्याला लागली आणि मी ओरडलोच. चाचांचे पाय बाहेर ओढले तेव्हा ते गुलाबी झाले होते. चाचा आमच्याकडे बघत होते, आम्ही एवढे का घाबरलो ते त्यांना कळत नव्हतं. संध्याकाळपर्यंत फोड आले.

पुढचे दोन महिने ड्रेसिंग चाललं. उजव्या पायाचं एक बोट काढावं लागेल का, यावर आठवडाभर डॉक्टर काही बोलत नव्हते. मला मात्र त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, "मीठ असो नसो, गरम पाण्यात माणसाला बरं वाटतंच. पण ज्याला साखर आहे, त्याचा पाय पाण्यात घालायच्या आधी मला तरी विचारायचं." मी मान खाली घालून ऐकलं. गार पाण्याचा तांब्या मला आठवत होता.

अक्का एकदाही दवाखान्यात आल्या नाहीत. दोन वेळचा डबा माझ्या हातून पाठवायच्या आणि मी परत आलो की फक्त विचारायच्या, "बोट हाय?" गॅलरी रिकामी झाली. गॅसचा सिलिंडर आणणारा माणूस वर जाऊन खाली आला आणि मला म्हणाला, "सर, अक्का आजारी हायत काय? कंबर कशी हाय, इचारलंबी न्हाय."

बोट वाचलं. एक दिवस चार वाजता जिन्यावर काठीचा आवाज आला. पायाला पट्टी गुंडाळलेले चाचा वर आले आणि नेहमीच्या खुर्चीत बसले.

"अक्का, टप कुठं गेलं?"

"भंगारात घातलं," अक्का दारातूनच म्हणाल्या. मग पट्टीकडे बघून म्हणाल्या, "तुमचा पाय भाजला मी चाचा."

"व्हय, भाजला." चाचांनी उगीच नाकारलं नाही. "पण डाक्टर म्हणाला, ह्या पायातली जान जाऊन चार वर्षं झाली. मला ठावंच न्हवतं. पोरं पैसं पाठवत्यात, गिऱ्हाईक कापडाचं माप देतंय. माझ्या पायाकडं बघणारं कोण हुतं? तुम्ही तेवढं रोज बघत हुता."

अक्का चहा टाकते की काय ते पुटपुटून आत गेल्या. आम्ही दोघं खालचा रस्ता बघत बसलो. स्वयंपाकघरातून लायटरचा खटखट आवाज येत राहिला, बराच वेळ, पण गॅस काही पेटेना. मी उठायला लागलो तसा चाचांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बसा सर. येतीय ती."