रोजच्या रिपोर्टमधलं बेसिल

"मॅडम, तुमच्या काकू खोटं बोलतायत," हाडांचे डॉक्टर फोनवर म्हणाले. "ॲप बघावं तर चिमणीएवढं खातात, आणि साखर जिथल्या तिथं. अशा पेशंटचा गुडघा मी उघडणार नाही."

मी सोलापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. विजयाकाकू माझ्या पेशंट. शुक्रवार पेठेतल्या एका लहान देवळाची पूजा त्यांच्या घराकडं आहे. दोन्ही गुडघे गेलेले. घराच्या पायऱ्या त्या बसून बसून उतरत. साखर वाढलेली असताना ऑपरेशन केलं तर जखम भरायला त्रास होतो, म्हणून सर्जन आधी एचबीएवनसी खाली आणायला सांगतात. ही रक्तातली साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर. आदल्या दिवशी उपाशी राहून ती फसवता येत नाही.

ॲपचं काम सोपं आहे. जेवणाआधी ताटाचा फोटो काढायचा. एआय पदार्थ ओळखतं, किती आहे त्याचा अंदाज घेतं आणि दिवसाचा रिपोर्ट माझ्या लॅपटॉपवर येतो. काकूंचा एकही फोटो चुकलेला नव्हता. इतकी नेटकी पेशंट खोटं बोलते हे मला पटेना. मी डॉक्टरांकडं आणखी एक संधी मागितली. पुढच्या तपासणीपर्यंत थांबतो, त्यानंतर नाही, असं ते म्हणाले.

आधी गोळ्या तपासल्या. वेळेवर. मग चहा. बिनसाखरेचा. मग रिपोर्टमधले आकडे सोडून पदार्थांची नावं वाचली. भाकरी, आमटी, भात, शेंगाचटणी आणि रोज शेवटी बेसिल. शुक्रवार पेठेत रोज बेसिल, तो पिझ्झावर टाकतात तो पाला, कोण खातं? फोटो मोठा करून पाहिला. भाताच्या मुदीवर तुळशीचं पान होतं. ताटाखाली पाण्याचा चौकोन.

काकूंना बोलावलं. सोबत त्यांचे यजमान, आप्पा आले. फोटो दाखवून मी काकूंना विचारलं, हे ताट कुणाचं?

"देवाचं की."

"आणि तुमचं?"

"आपल्या ताटाचा कसा काढायचा, मॅडम? दृष्ट लागते अन्नाला. पदार्थ तेच असतात की."

पदार्थ तेच होते. फक्त देवाला चतकोर भाकरी होती आणि काकूंना दोन. शिवाय प्रसाद टाकायचा नाही म्हणून नैवेद्याचं ताटही त्याच संपवत. तेवढीच काय ती नोंद होत होती.

"देवाची साखर तरी बरी आहे का, बघा की," आप्पा म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडं पाहिलंही नाही. चेहरा उतरला होता. आपल्याच हातानं ऑपरेशन घालवलं का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गेलेलं नाही, पण उद्यापासून मला तुमचं ताट दिसलं पाहिजे.

दृष्ट लागण्यावर मी वाद घातला नाही. तो माझा विषय नाही. तोडगा काकूंनीच काढला. धुपाटण्यातला विझलेला कोळसा ताटाशेजारी ठेवायचा, मग फोटोला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी पहिला खरा फोटो आला. बेसिल गेलं, ऑलिव्ह आलं. ॲपला कोळसा काळं ऑलिव्ह वाटत होता. रोज सकाळी ते डिलीट करणं हे माझं काम झालं.

बाकी सगळं नेहमीचं. भात अर्धा केला. दुसऱ्या भाकरीच्या जागी उसळ आणि काकडी आली. शेंगाचटणी चमचाभर राहू दिली, नाहीतर काकूंनी ॲपच काढून टाकलं असतं. नैवेद्याचं ताट आप्पांकडं गेलं. आता माझा नंबर का, म्हणून ते कुरकुरले, पण ताट मात्र चाटूनपुसून रिकामं करत.

पुढच्या तपासणीत साखर सर्जनच्या मर्यादेत आली. डॉक्टरांनी स्वतः फोन करून तारीख दिली. खोटं बोलण्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. एक गुडघा झाला आहे. काकू आता कठड्याला धरून, उभ्यानं पायऱ्या उतरतात. दुसऱ्याची तयारी चालू आहे.

नवीन पेशंटला ॲप देताना मी हल्ली आधी एक प्रश्न विचारते: तुमच्या घरात पहिलं ताट कुणाला वाढतात? कुठं देवाला, कुठं सासऱ्यांना, कुठं शाळेला निघालेल्या नातीला. ते कळलं की मग फोटो कसा काढायचा ते शिकवते.