डॉक्टर नेमकं काय म्हणाले होते

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या भावाला नाही. तुम्हाला का सांगतेय — ठाऊक नाही. पण आधी अप्पा कसे होते ते कळायला हवं. त्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील. परळच्या चाळीत वाढले, एका विमा कंपनीत कारकून म्हणून लागले नि तिथूनच रिटायर झाले. आठवडाभर फायली, सुट्टी आली की पाठीला सॅक लावून माणूस सह्याद्रीत. आम्हा भावंडांना त्यांनी गडांवर हिंडवतच वाढवलं. कोकणकड्याच्या टोकाशी पालथे पडून खालच्या दरीत बघणारे अप्पा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. मी मागे त्यांचे पाय घट्ट धरून बसलेली. एवढ्या उंचीवर इतका शांत राहणारा माणूस सकाळी माझी वेणी घालून देतो, याचंच मला केवढं नवल वाटायचं!

आई गेली, आमची लग्नं झाली, मी दादरला आले. अप्पांचे डोंगर चालूच होते. मग एकदा त्यांच्या छातीत दुखलं. तपासण्या झाल्या. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे मी एकटीच गेले — हे लक्षात ठेवा, एकटीच. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही, गोळ्या वेळेवर घ्यायच्या. मी डोंगरांचं विचारलं. ते हसले. "जाऊ देत की! फक्त दमानं चढू देत."

घरी अप्पा गॅलरीत वाट बघत होते. "काय म्हणाले गं?"

"डोंगर बंद, अप्पा. कायमचे."

का बोलले मी असं? काळजीपोटी — कितीदा तरी स्वतःला हेच सांगितलंय. पण खरं सांगू? माझी ओवी तेव्हा लहान होती. मला शनिवारीही ऑफिस, नवरा सतत दौऱ्यावर, पाळणाघराला सुट्टी. अप्पा घरी राहिले तर माझी सोय होणार होती. एवढंच. एवढ्याचसाठी.

"बरं," अप्पा म्हणाले. दुसऱ्या डॉक्टरांना विचारू असं नाही, चिडचिड नाही. चार दिवसांनी त्यांच्याकडे गेले तर डोंगरात घालायचे बूट दिसले नाहीत. घासूनपुसून कुणाला तरी देऊन टाकले होते.

मला वाटलं, आता हा माणूस कोमेजणार. पण अप्पांनी ओवीचं बोट धरलं नि मुंबई बघायला सुरुवात केली. गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या टॉवरवर बहिरी ससाणा बसतो, हे त्यांनी शोधून काढलं. शिवाजी पार्कातलं कुठलं झाड कधी फुलतं ते ओवीला पाठ. जन्मभर इथे राहून मी जे पाहिलं नव्हतं, ते माझी मुलगी बोटानं दाखवायला लागली.

एका हिवाळ्यात मीही त्यांच्याबरोबर शिवडीच्या जेट्टीवर गेले. ओहोटी होती. चिखलावर दूरवर फ्लेमिंगो. अचानक काय बिनसलं कुणास ठाऊक — सगळा थवा एकदम उठला. आख्खं आकाश गुलाबी! अप्पा हळूच म्हणाले, "डॉक्टरांचे उपकार हं. त्यांनी अडवलं नसतं तर हे माझं बघायचंच राहिलं असतं."

तेव्हा सांगायला हवं होतं ना? शब्द तोंडाशी आले होते. मी थर्मासमधला चहा ओतत राहिले.

हवा स्वच्छ होती. खाडीपलीकडे, पार लांब, कर्नाळ्याचा सुळका दिसत होता. अप्पा त्याच्याकडे बघत उभे राहिले. खूप वेळ. ओवीनं हात ओढला तेव्हा वळले.

गेल्या वर्षी अप्पा झोपेतच गेले. भेटायला त्यांचे डोंगरातले जुने सोबती, सावंतकाका, आले. खुर्चीत बसले आणि हमसून रडले. "कसला डॉक्टर तो, पोरी? तुझा बाप अजून कितीतरी वर्षं चढला असता. मला मागे टाकून चढला असता!"

घरातले सगळे माझ्याकडे बघत होते. ओवीसुद्धा.

मी म्हणाले, "हो ना, काका. आम्ही किती विनवलं. पण डॉक्टर ऐकेचनात."

या वेळी तर ओवीला सांभाळायला कुणी नको होतं.