वाफेचा रंग

कॉलेजात गेल्यावर पहिल्याच महिन्यात मी एक वही केली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. तिथे सगळं इंग्रजीत शिकवत आणि मी मराठी शाळेतून आलेली. सर बोलायला लागले की पूर्ण वाक्य माझ्या हाती लागायचं नाही, नुसते शब्द लागायचे. ते मी कागदाच्या तुकड्यावर टिपायची आणि घरी येऊन वहीत उतरवायची. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याची मराठी व्याख्या, शाळेच्या जुन्या पुस्तकांतून नाहीतर ग्रंथालयातल्या कोशातून शोधलेली. एकच शब्द वेगवेगळ्या तासांना वेगवेगळा भेटायचा. पॉवर गणितात एक, फिजिक्समध्ये दुसरी, भिंगांच्या धड्यात तिसरीच. मग मी प्रत्येक शब्दाखाली तीन-चार ओळी मोकळ्या सोडायला लागले. वर्गात मी कधी हात वर केला नाही. पण वही भरत होती, आणि ती पूर्ण भरली की आपणही या वर्गातल्या होऊ असं मला वाटायचं.

घरात वही कोनाड्यात असायची. धम्मदीक्षेच्या वर्षी बाबांनी त्या कोनाड्यातले देव काढले होते आणि तिथे माझी पाटी ठेवली होती. पाटी गेली, पुस्तकं आली, मग ही वही. आई कोनाडा झाडायची तेव्हा वही पदराने पुसून पुन्हा सरळ ठेवायची. तिला त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं.

बाबा एका कापड गिरणीत बॉयलरवर फायरमन होते. नाव मोठं, काम फावड्याचं. उमरेडकडून आलेला कोळसा भट्टीत टाकायचा, राख ओढायची, पुन्हा कोळसा टाकायचा. बॉयलरवरचीच दुसरी माणसं पाण्याची पातळी दाखवणारी काच आणि दाबाचा काटा बघत उभी असायची, चाकं फिरवून वाफ सोडायची, बंद करायची. त्यांच्याजवळ सर्टिफिकेट असायचं. बाबांना काम त्यांच्याइतकंच येत होतं, सर्टिफिकेट नव्हतं. आणि त्यांची छाती तेव्हाच वाजायला लागली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं की कोळशाच्या भुकटीपासून लांब राहा, नाहीतर पुढे श्वास पुरणार नाही. लांब राहायचा रस्ता एकच होता, ते सर्टिफिकेट. त्याची परीक्षा तोंडी असे. बाबा चौथी शिकलेले, वाचायचे तर ओळीखाली बोट धरून.

एका दुपारी पहिली पाळी करून ते घरी आले, अंघोळ केली आणि मी ओट्यावर लिहीत होते तिथे येऊन बसले.

"माय, तुह्या ह्या वहीत बॉयलरचे शब्द हायेत का?"

मला केवढा आनंद झाला. कॉलेजात कोणी मला काही विचारत नव्हतं. इथे बाबा विचारत होते. मी वहीची मागची पानं त्यांच्यासाठी ठेवली आणि वर लिहिलं, 'बॉयलर'. दाब, तापमान, उष्णता, बाष्पीभवन, सुरक्षा झडप. जे फिजिक्सच्या पुस्तकात मिळालं ते तिथून, जे नाही ते कोशातून.

रोज दुपारी आमचा वर्ग भरू लागला.

"सांगा बाबा, दाब म्हणजे काय?"

"काटा."

"काटा नाही. काटा दाब दाखवतो."

"तेच तं म्हनून राह्यलो. काटा लाल रेघेकडं सरकला का समजाचं, दाब आला."

"असं नाही म्हणायचं. एकक क्षेत्रफळावर लंब दिशेने पडणारे बल म्हणजे दाब."

बाबा ओठ हलवून तेच म्हणायचे. एककपाशी अडकायचे. "हा एकक कोन होय वं?"

आतून आईचा आवाज यायचा. "इतकी वर्सं चुलीपाशी बसून राह्यली मी, मले नाई कोनी सर्टिफिकेट देत!"

"तुह्या चुलीले काटा कुठी हाय?"

"हाय ना. तुमची जीभ. वरनात मीठ कमी झालं का लागली फिराले."

बाबा हसायचे, हसताना खोकला लागायचा, आणि खोकला थांबला की मी पुन्हा म्हणायची, "सांगा, एकक क्षेत्रफळावर..." तेव्हा मी घरातही पुस्तकासारखं बोलायला लागले होते. बाबांना त्याचं कौतुक होतं. मलाही होतं, खोटं कशाला सांगू.

बाबांच्या पाळीतले एक काका आमच्याच वस्तीत राहायचे. तेही फायरमनच, उमरेडचे, त्याच परीक्षेला बसणार होते. ते वहीबिहीच्या भानगडीत पडले नाहीत. जाता जाता ओट्याशी थांबायचे. "काय प्रोफेसर, आज किती व्याख्या गिळल्या?"

"चार," बाबा म्हणायचे.

"पचल्या तं पाहिजेत गा भाऊ. नाहीतं साहेबासमोर वकशीन."

मग एके दिवशी वाफेचं पान आलं. बाबा सावरून बसले. "हे मले येते. हे इचार."

"वाफ म्हणजे काय?"

"वाफ दिसत नाही," बाबा म्हणाले. "पायपाले भोक पडलं का भोकापाशी काईच दिसत नाही. बोटभर पुढं जाऊन ते पांढरं होते. लोकं त्या पांढऱ्याले वाफ म्हनतेत. ते वाफ नोहे माय. ते पानी झालं. मेलेली वाफ. जिती वाफ दिसत नाही, म्हनून तं हात जळते. आम्ही काडीले फडकं बांधतो अन् पुढं धरून चालतो. फडकं उडालं का थांबाचं."

आज हे वाक्य लिहिताना माझा हात थांबतो. इतकी नेमकी व्याख्या मी नंतर कुठल्या पुस्तकातही वाचली नाही. पण तेव्हा मी काय केलं? मी हसले. म्हटलं, "बाबा, परीक्षेत मेलेली वाफ वगैरे म्हणू नका. चहाच्या पातेल्यावर रोज दिसते ती काय मग?"

"चहावरची बी तशीच राह्यते," बाबा हळूच म्हणाले. पण मी लिहायला घेतलं होतं. 'वाफ म्हणजे पाण्याची वायुरूप अवस्था.' एवढंच पुस्तकात होतं. एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण त्या दिवसांत आमचं रसायनाचं प्रॅक्टिकल चालू होतं, आणि तिथे कुठलाही पदार्थ हाती आला की वहीत आधी तीन गोष्टी लिहायच्या असत, रंग, वास, पाण्यात विरघळतो की नाही. ती सवय हाताला लागली होती. व्याख्येखाली ओळ मोकळी दिसली तशी मी लिहून टाकलं, 'रंग पांढरा. वास नाही.' कुठे पाहिलं नाही, कुणाला विचारलं नाही. बाबांकडे वही सरकवून म्हटलं, "हे पाठ करा."

त्यांनी ओळीखाली बोट धरलं आणि वाचलं, "रंग, पांढरा." मग माझ्याकडे पाहिलं. मी दुसऱ्या शब्दाकडे वळले होते.

परीक्षेच्या दिवशी आईने त्यांचा सदरा निळीतून काढला होता. वही पिशवीत घालून ते काकांबरोबर सायकलवर गेले. संध्याकाळी आले ते एकटेच. वही कोनाड्यात ठेवली, पाणी प्यायले.

"राह्यलं थोडक्यात," म्हणाले.

"काय विचारलं?"

"इचारलं काईकाई."

थोड्या वेळाने काका जिलबी घेऊन आले. ते पास झाले होते. बाबांनी दोन वळी जिलबी खाल्ली आणि चांगली आहे म्हणाले. मला वाटलं, एककपाशीच अडकले असतील. खरं सांगायचं तर मला त्यांचा थोडा राग आला होता. इतक्या दुपारी मी घालवल्या आणि एक वाक्य यांना पाठ झालं नाही, असं मनात आलं. दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा फावड्यावर गेले.

वर्षभराने कॉलेजात उष्णतेचा धडा सुरू झाला. सरांनी टेबलावर एक चंबू उकळत ठेवला, बुचातून काचेची नळी काढलेली. नळीच्या तोंडापुढे पांढरे लोट उठत होते. सरांनी सगळ्यांना जवळ बोलावलं आणि नळीच्या अगदी टोकाशी बोट दाखवलं. तिथे, टोक आणि तो पांढरेपणा यांच्यामध्ये, बोटभर जागा रिकामी होती.

"इथे काय दिसतं?"

"काही नाही सर," कोणीतरी म्हणालं.

"हे जे दिसत नाही, ती वाफ. पुढचे पांढरे ते पाण्याचे थेंब."

सर पुन्हा इंग्रजीत बोलू लागले. मी काही लिहिलं नाही. बाबांनी ओट्यावर सांगितलेलं ते बोटभर अंतर माझ्यासमोर होतं.

तरी मी स्वतःला समजावत होते की बाबांना हे विचारलंच नसेल. कॉलेजातून तशीच काकांकडे गेले. ते खाटेवर बसून दाढी करत होते. मी विचारलं, परीक्षेत बाबांना काय काय विचारलं होतं? काकांनी वस्तरा खाली ठेवला.

"तुले आता काहून पाह्यजे?"

"सांगा ना काका."

"मी दाराशी बाकड्यावर होतो, आयकू येत होतं सारं. सुरुवातीले मस्त चाललं होतं. साहेबानं इचारलं, काचेत पानी दिसेनासं झालं तं काय करसान? तुह्या बापानं फटक्यात सांगतलं, आग बाहेर ओढीन, तापल्या बॉयलरात पानी नाई सोडनार. साहेब खूश. मंग इचारलं, वाफेचा रंग कोन्ता? आता हे तं पोट्ट्यायलेबी समजते. मले इचारलं असतं तं म्हटलं असतं, साहेब, दिसन तं रंग सांगन ना! अन् तुहा बाप म्हनते, पांढरा." काकांनी गालावरचा साबण पुसला. "साहेब भला मानूस होता. म्हने, नीट आठवा, गळती कशी शोधता तुम्ही? बापानं लय वेळ खाली पाह्यलं. अन् पुन्हा म्हने, पांढराच साहेब, वहीत लिवलं हाय. साहेबानं कागद बंद केला. म्हने, वाफ दिसते म्हननाऱ्या मानसाच्या हाती मी बॉयलर कसा देऊ?"

घरी आले तेव्हा बाबा ओट्यावर चप्पल शिवत बसले होते. मी त्यांच्यापुढे बसले.

"बाबा, वाफेचा रंग... ते मी चुकीचं लिहिलं होतं."

त्यांनी दोरा ओढला. "कोनं सांगतलं?"

"सरांनी. आणि काकांनी." मग मला आवरेना. "तुम्हाला तर माहीत होतं. फडक्याचं तुम्हीच सांगितलं होतं मला. मग पांढरा काहून म्हणालात?" त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी माझ्या तोंडून घरचं 'काहून' आलं.

"मनात आलं होतं," बाबा म्हणाले. "साहेबानं दुसऱ्यांदा इचारलं तवा तं तोंडावर आलं होतं. मंग म्हटलं, आपन चौथी शिकलो. पोरगी कालेजात शिकून राह्यली. तिचं लिवलेलं खोटं कसं राहीन? आपल्याच पाह्यन्यात काई चुकलं असन."

"मग घरी आल्यावर का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तं तू लिवनं सोडलं असतं."

परीक्षेला पुन्हा बसता येत होतं. मी फार मागे लागले. काकांनीही समजावलं. बाबा हो म्हणायचे आणि तारीख निघून जायची. त्यांनी कधी कारण सांगितलं नाही. ते फावड्यावरच राहिले, श्वास अर्ध्यावर येऊन त्यांना घरी बसावं लागलं तोपर्यंत. मी तोवर पदवी घेतली होती, शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते.

ते घरी बसले त्या उन्हाळ्यात मी कोनाड्यातून ती निळी वही काढली. मागची बरीच पानं कोरी होती. मनाशी ठरवलं होतं की आता उलटं करायचं, बाबा सांगतील आणि मी लिहीन. कोळसा ओला आहे हे आवाजावरून कसं ओळखायचं, काच पाण्याची पातळी खोटी कधी दाखवते, हे सगळं त्यांच्याच शब्दांत. बाबा उशीला टेकून बसले होते. मी पेन उघडलं.

"सांगा बाबा. वाफ म्हणजे काय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे. परीक्षेला बसल्यासारखे ते सावरून बसले, आणि मला वाटलं आता फडक्याचं सांगतील.

"मले काय येते माय," ते म्हणाले. "तू पुस्तकात पाह्यून लिव्ह."