धवलारणीचं पोट

ठाण्याजवळच्या माजिवड्यात तुळसाबाईंशिवाय लग्न लागत नसे. म्हणजे लागायचं, पण घरच्या बायकांना ते लागल्यासारखं वाटायचं नाही. आगऱ्यांच्या मांडवात भटजीच्याही आधी मान धवलारणीचा. हळदीपासून पाठवणीपर्यंत लग्नाची गाणी, म्हणजे धवळे, तीच म्हणणार आणि नवरीला कधी बसवायचं, कधी उठवायचं तेही तीच सांगणार. तुळसाबाईंना शंभराच्या वर धवळे तोंडपाठ होते. एकही कुठे लिहिलेला नव्हता.

१९९७ साली त्या बावन्न वर्षांच्या होत्या. वजन किती, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण दवाखान्यातला काटा एकशे वीसला जाऊन अडकला. शेवटी त्यांचा मुलगा नाथा त्यांना आपल्या रेती-सिमेंटच्या वखारीत घेऊन गेला आणि पोती तोलायच्या काट्यावर उभं केलं. एकशे एकतीस भरलं. बाईंनी लाजायचं सोडून विचारलं, "सिमेटच्या गोनी कवऱ्या झाल्या?" नाथानं हिशेब करून अडीचच्या वर सांगितलं. त्या खूश झाल्या.

वजनाचं त्यांना काही वाटत नव्हतं. भरलेली बाई म्हणजे घराची शोभा, असंच त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. त्यांना खात होता तो दम. एका धवळ्यात चार-चार वेळा थांबावं लागे, आणि शेजारी बसणारी त्यांची भाची सरोज तेवढी जागा भरून काढी. मागल्या वैशाखात तर एक आख्खा धवळा सरोजनंच संपवला आणि बाई नुसत्या मांडी घालून बसून राहिल्या. त्या दिवशी त्या घरी येऊन रडल्या. आवाज गेला तर आपण कोण, हे त्यांना सुचेना.

ठाण्याच्या डॉक्टरांनी मुंबईच्या एका सर्जनचं नाव सुचवलं. ते म्हणे पोट लहान करायचं ऑपरेशन करतात. तेव्हा असलं काही कुणी ऐकलेलंही नव्हतं; नाथाला वाटलं, डॉक्टर आपली फिरकी घेताहेत. बाई मात्र त्यांना भेटायला लगेच तयार झाल्या. पोट शिवतात तरी कसं, हे त्यांना बघायचंच होतं.

सर्जननी कागदावर पोट काढून दाखवलं. वरच्या बाजूला अंड्याएवढी पिशवी ठेवायची आणि मध्ये टाके मारून बाकीचं पोट वेगळं करायचं.

"आन् ह्यो खालचा पोट काय करील?" बाईंनी बोट ठेवून विचारलं.

"काही नाही, मावशी. राहील तिथेच."

"त्याला राग नाय यायचा?"

सर्जन हसले. मग बाईंनी खरा प्रश्न काढला. त्या देवालाही अरे-तुरे करत, तिथे डॉक्टर कोण? "मना सांग, आवाज कुठं रेतो? गल्यान का पोटान? माझे आयशीनं बेंबीवर हात दाबून गाना शिकवला. पोट बारीक केला तं आवाज बारीक होल का?"

सर्जननी पेन खाली ठेवलं. "श्वास सुधारेल, एवढं मी नक्की सांगतो," ते म्हणाले. "आवाजाचं मला माहीत नाही. तुमच्यासारखं गाणारं कुणी माझ्याकडे आलेलं नाही." माहीत नाही म्हणणारा डॉक्टर बाईंनी जन्मात पहिल्यांदा पाहिला. त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला.

आधी दोन महिने पथ्य. यकृतावर चरबी चढलीय, ती उतरल्याशिवाय सुरी लावणार नाही, असं सर्जननी बजावलं होतं. बाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर ते यकृत बघायचा हट्ट धरला, नीट बघून घेतलं आणि घरी येऊन वड्यांवरचं लक्ष काढलं. नऊ किलो उतरले. छातीसाठी एक प्लास्टिकचं खेळणं दिलं होतं: नळीतून श्वास ओढायचा की आत तीन चेंडू वर उचलले जातात. पहिल्या दिवशी एकच चेंडू हलला. शंभर धवळ्यांच्या मालकिणीला ते फार लागलं आणि त्या दिवसभर नळी चोखत बसू लागल्या.

गावात सांगितलं, बाई अलिबागेला बहिणीकडे गेल्या. धवलारणीनं पोट शिवून घेतलं हे कळलं असतं, तर तोंडाला पदर लावून हसायला अख्खा माजिवडा मोकळा होता.

शुद्धीवर आल्यावर बाईंनी नाथाला हाक मारली आणि तोंडातून नुसती हवा आली. ऑपरेशनच्या वेळी घशात घातलेल्या नळीमुळे असं होतं, चार दिवसांत सुटेल, असं नर्सनं समजावलं. ते चार दिवस त्या भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. पाचव्या दिवशी घोगरा का होईना, सूर आला. मग त्यांची जिज्ञासाही उठून बसली. दर पाव तासाला चमचाभर पाणी, पुढे डाळीचं पाणी, मग पेज. भूक गेली होती. रोज दुपारी त्या तिची वाट बघत आणि ती येत नसे, याचंच त्यांना नवल वाटे. पेजेच्या सहाव्या चमच्याला उचकी लागली की समजायचं, पिशवी भरली.

चार महिन्यांनी आवाडाबाईंच्या नातीची, जयाची हळद आली. आवाडाबाई बाईंच्या लहानपणच्या मैत्रीण. त्यांच्या घरचा रिवाज असा की हळदीला पहिलं ताट धवलारणीचं. तिनं ताट स्वच्छ केल्याशिवाय घरचं कुणी जेवत नाही. वडे, मटण, भात असं शिगोशीग ताट पुढे आलं आणि सगळं घर उपाशी उभं राहिलं.

बाईंनी सहा घास खाल्ले. उचकी आली. मान राखायचा म्हणून सातवा घेतला, आठवा घेतला, दहावा तर पाण्याबरोबर ढकलला. अकराव्याला छातीत असा गोळा आला की त्या धडपडत मांडवामागे गेल्या आणि सगळं उलटून पडलं.

आवाडाबाई तांब्या घेऊन धावल्या. "काय झायला गो तुना? जेवानात काय परला का?"

आता लपवलं असतं तर आवाडाबाईंच्या रांधणाऱ्या सुनांवर आळ आला असता. बाई चूळ भरून म्हणाल्या, "जेवान चांगला हाय. मीच खोटी बोल्ले. अलिबागेला नव्हते गेले, पोट कापून घेतला." आणि पदर बाजूला करून व्रण दाखवला.

हसण्याची वाट बघत त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या. आवाडाबाई खाली वाकल्या, व्रणावर बोट फिरवलं आणि विचारलं, "दुखतंय का गो?" मग मांडवात परत येऊन बाईंचं ताट घेऊन त्या खाली बसल्या आणि उरलेलं सगळं स्वतः जेवल्या. ताट स्वच्छ झालं. घर जेवायला मोकळं झालं.

संध्याकाळी जयाला पाटावर बसवलं आणि बाईंनी आईच्या उंबऱ्याचा धवळा धरला. आवाज खरंच बारीक झाला होता; पूर्वीचा तो भरदार खर्ज कुठे गेला, कोण जाणे. बाईंना चर्र झालं, पण त्या गात राहिल्या. ह्या धवळ्यात नवरी आईला विचारते, माझ्या जागेवर उद्या कोण निजेल? तिथे गेली सहा वर्षं त्या थांबत. बायका म्हणत, काळीज आहे हो बाईंना, कंठ दाटतो. दाटत काही नसे, दम संपलेला असे. पुढचा श्वास शोधता शोधता शब्दांकडे लक्षच जात नसे.

आज दम उरला होता. म्हणून ते शब्द सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या कानावर पडले. समोर हळदीनं माखलेली जया खाली मान घालून बसली होती. छातीत हवा भरलेली असताना तुळसाबाई थांबल्या, आणि त्यांना पुढचं काही म्हणता येईना.