नाथाच्या अंगठीतला खडा

सगुणाला मिठाचा दाणा पायाखाली ओळखू यायचा. वाफ्यात उतरली की तळव्यानेच सांगायची, हा आज ओढा, हा अजून दोन दिवस राहू दे. पाणी जितकं निवांत तितका दाणा मोठा, चौकोनी, सरळ काठांचा. पेणच्या खाडीकडच्या त्या गावात व्यापारी आधी तिची रास बघायचे. नवरा गेल्यावर चौदा वर्षं तिने हेच केलं आणि त्यावर ती, मुलगी मालू आणि सासू बायजाबाई अशा तिघी जगल्या.

नवरा, नाथा, श्रावणातल्या उधाणात गेला. बांध फुटून खांड पडली, गावचे बाप्ये चिखलाच्या पाट्या घेऊन धावले, आणि पाणी अडवायला खांडीत उतरलेला नाथा पाण्याबरोबर दिसेनासा झाला. नवव्या दिवशी तिवरांच्या मुळांत एक देह सापडला. खेकड्यांनी चेहरा ठेवला नव्हता. बोटात चांदीची अंगठी होती, पांढऱ्या खड्याची. बायजाबाईने अंगठी बघितली आणि माझाच हाय, एवढंच म्हणाली. सगुणाच्या बांगड्या तिथेच बांधावर फुटल्या. तीन वर्षांची मालू ते हिरवे तुकडे गोळा करू लागली, तिला कुणीतरी उचलून नेलं.

त्या खड्याची गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. बायजाबाईची पहिली दोन पोरं पाळण्यातच गेली. नाथा तिसरा. त्याच्या पाचवीला बायजाबाईच्या बापाने पांढरा पुष्कराज आणला. तो गलबतावर तांडेल होता, कुठल्या बंदरातून आणला देव जाणे, पण रोह्याच्या सोनाराकडून पारखून, चांदीत बसवून घेतला. पोर मोठा झाला की बोटात घालायचा, रत्न अंगावर आहे तोवर याला भय नाही, असं सांगून गेला. पुढे नाथा बुडाला तेव्हा लोक म्हणाले, दर्यापुढे रत्न तरी किती पुरं पडणार.

अंगठी मग कुंकवाच्या रिकाम्या डबीत, कापसात गेली. ती पुन्हा निघाली चौऱ्याहत्तर साली, मालूचं लग्न रोह्याला ठरलं तेव्हा. जावई जनू तिथल्या एका कंपनीत शिफ्टवर होता. बापाची वस्तू जावयाच्या बोटात जावी असं सगुणाच्या मनात आलं. तिने विचारलं तेव्हा बायजाबाई वाल निवडत होती. तिने मान वर केली नाही. जुनी हाय, नको काढूस, असं काहीतरी पुटपुटली. सगुणाला वाटलं, आईचा जीव आहे.

चैत्रात ती एस.टी.ने रोह्याला गेली. पेढीवर त्या जुन्या सोनाराचा मुलगा गोविंदा होता, आता तोही साठीचा. त्याने अंगठी रिठ्याच्या पाण्यात धुतली, डोळ्याला भिंग लावलं आणि ती उजेडाकडे फिरवून फिरवून बघितली.

"बाई, हा स्फटिक आहे," तो म्हणाला. "पुष्कराज नाही."

तिने काच का, असं विचारलं. काच नाही, त्याने सांगितलं. हाही जमिनीच्या पोटात वाढलेलाच. तुमच्या मिठाचा दाणा वाफ्यात वाढतो, तसा. पुष्कराजही तसाच वाढतो, पण तो विरळा आणि फार कठीण. त्याने डब्यातून एक बारीक पुष्कराज काढला आणि त्याची कड अंगठीतल्या खड्याच्या कोपऱ्यावर ओढली. केसाएवढी रेघ उठली. मग उलट करून दाखवलं, स्फटिक पुष्कराजावर ओढला. काही उठलं नाही.

"स्फटिक डोंगरात ढिगाने मिळतो," गोविंदा म्हणाला. "ज्याच्यावर कुणाची रेघ सहज उठत नाही, ते रत्न. आणि हे बघा, खडा धरणाऱ्या चार नखांपैकी एक पितळेचं आहे. आमच्या पेढीवर असं काम होत नाही."

सगुणाने अंगठी हातात घेतली आणि न राहवून खड्याला जीभ लावली. मीठ चवीने बोलतं. हा बोलला नाही, नुसता गार लागला.

परतीच्या वाटेवर नागोठणं मागे पडेपर्यंत तिचा हिशेब लागला होता. नाथाच्या अंगठीत पुष्कराज होता. या अंगठीत नाही. नाथाच्या अंगठीला पितळ नव्हतं. पांढऱ्या खड्याच्या चांदीच्या अंगठ्या खाडीकाठी पन्नास जणांच्या बोटात असतील. मग चौदा वर्षांपूर्वी जाळला तो कोण?

घरी आल्यावर तिने सासूला एवढंच सांगितलं की खडा स्फटिकाचा निघाला. पितळेचं बोलली नाही. बायजाबाई उठून पडवीत गेली आणि अंधार पडेपर्यंत आत आली नाही.

तेव्हापासून सगुणा बदलली. भर दुपारी वाफ्यात वाकलेली असताना तिला मागे मिठावर पाऊल वाजल्यासारखं व्हायचं, जड, पुरुषाचं. वळून बघावं तर वाफा तसाच, एकही दाणा चेपलेला नाही. पेणच्या बाजारात पाठमोरा माणूस दिसला की ती चार दुकानं त्याच्या मागे जायची. चेहरा बघून परत फिरायची. रोज एक मूठ भात जास्त शिजू लागला. मालूच्या हळदीला सगळ्यांदेखत पुढे झाली आणि लेकीला स्वतःच्या हाताने हळद लावली. बायका थिजल्या. बायजाबाई काही बोलेल म्हणून सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, ती जमिनीकडे बघत होती. लग्नानंतर सगुणाने डाव्या हातात एक हिरवी बांगडी भरली.

शेजारच्या धोंडुबाईने विहिरीवर गाठलंच. "एकाच हातात गो? बांगडीवाल्याकडची संपली का?"

"दुसऱ्या हातातली तो आला का भरील," सगुणा म्हणाली आणि घागर उचलून चालू लागली. धोंडुबाई गावात सांगत सुटली की बाईला लागीर झालंय.

भाद्रपद आला. दर वर्षी सर्वपित्री अवसेला सगुणा नाथासाठी केळीचं पान मांडायची. भात, वडे, खीर आणि त्याच्या आवडीचं वालाचं बिरडं. दर वर्षी पान कुडाजवळ ठेवून चार पावलं मागे येते न येते तोच कावळा उतरायचा. या वर्षी सकाळ वर आली तरी चूल थंड होती. सगुणा मीठ ओढायची फळी दुरुस्त करत बसली होती.

"पान नाय मांडायचं?" बायजाबाईने विचारलं.

"मेलेल्याचं मांडतात, आये."

बायजाबाई दाराच्या चौकटीला धरून हळूहळू खाली बसली. दुसऱ्याच्या पोराची पित्रं लोक घालतील, माझा उपाशी बसेल, असं ती स्वतःशीच म्हणाली. मग थेट सगुणाकडे बघून म्हणाली, "तो नाथाच होता. खडा मी काढला त्याच्यातला."

सगुणाच्या हातातली फळी थांबली.

नाथा गेला त्याच्या आदल्या पावसाळ्यात बांध एकाच जागी तीनदा फुटला होता. शेतात खारं पाणी शिरलं, नारळ झाला, कोंबडं झालं, बांध धरेना. बायजाबाईला तिच्या आजीचं आठवलं, खांडीला रत्न दिलं तर ती माणूस मागत नाही. नाथा चिखलाच्या कामाला जाताना अंगठी आईजवळ ठेवून जायचा. तिने खडा काढला आणि चिखलाच्या पाटीत घालून स्वतःच्या हाताने खांडीत ओतला. बाजारातल्या एका फिरत्या कारागिराकडून तसाच दिसणारा स्फटिक बसवून घेतला. नाथाला कळलं नाही, कुणालाच कळलं नाही.

"अडकित्त्याने उचकटताना एक नख तुटलं," बायजाबाई म्हणाली. "त्या मेल्याने तिथं पितळ लावलंन. मी म्हटलं, काळं पडंल, कोन बघतो. वरीसभर बांध धरला, सगुणा. मग तिथंच फुटला. रतन घेतलंन आणि वर माझा पोर घेतलंन, उघड्या बोटाचा."

पितळेचं नख सगुणाने कुणालाच सांगितलेलं नव्हतं. ती उठली. तेल लावून डाव्या हातातली बांगडी सोडवली, फोडली नाही, डबीत अंगठीशेजारी ठेवली. मग चूल पेटवली. वाल भिजवलेले नव्हते, ते धोंडुबाईकडून आणले. दुपार टळताना पान कुडाजवळ मांडलं.

कावळा कौलांवर येऊन बसला आणि उतरेना.

बायजाबाई पानासमोर हात जोडून बसली. मालूचं सगळं करीन म्हणाली. बांधावर तुझ्या नावाने दिवा लावीन म्हणाली. सगळ्या गावाला सांगेन मी काय केलं ते, असंही म्हणाली. कावळा मान वाकडी करून बघत राहिला. भातावर माश्या बसू लागल्या. म्हातारीचा आवाज बसला. तिने सगुणाकडे पाहिलं, पण मागितलं काहीच नाही.

सगुणाला कळलं होतं. पहिला वडा पानात ठेवतानाच तिला कळलं होतं नाथा कशासाठी अडणार ते. ती खांबाला टेकून उभी राहिली. चौदा वर्षं या म्हातारीच्या ताटात तिने आधी वाढलं होतं. उन्हं कुडाच्या पलीकडे गेली तेव्हा ती पुढे झाली.

"तुझ्या आयला मी बघीन," ती पानाकडे बघत म्हणाली. "जा आता."

आणि वळून आत गेली. कावळा उतरला की नाही, हे तिने पाहिलं नाही. बाहेर म्हातारी मोठ्याने रडू लागली, त्यावरून तिला समजलं.

बायजाबाई त्यानंतर अकरा वर्षं जगली. शेवटची तीन अंथरुणावर. सगुणाने तिला न्हाऊ घातलं, भरवलं, कूस बदलून दिली. कधी उणा शब्द काढला नाही. गोड शब्दही काढला नाही.

वाफ्याकडची वाट बांधावरूनच जायची. खांड बुजवली होती त्या जागी सगुणा बांध सोडून खाली उतरायची, गुडघाभर चिखलातून वळसा घालून पलीकडे पुन्हा वर चढायची. उन्हाळ्यात तिथल्या मातीवर मीठ फुलायचं आणि दुपारच्या उन्हात जागोजाग काहीतरी लखलखायचं. बरोबरच्या बायका थांबून बघायच्या. सगुणा त्या बाजूला तोंडच करायची नाही.