मी घरात असले की मामा खाकरत नाहीत

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि आता बसलाय असंही मी म्हणणार नाही. माझं माहेर आणि सासर, दोन्ही बौद्ध. अंगात येणं, लिंबू-मिरची, अमावास्या... यातलं काहीही आमच्या घरांत चालत नाही. त्यात मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. दिसलं तर 'आहे' लिहायचं, नाही दिसलं तर 'नाही' लिहायचं, एवढंच मला येतं. इथेही तेच करते.

सासर कमलनगरला, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. पत्र्याचं घर, पुढे अंगण, अंगणाला लोखंडी गेट. सासू-सासरे, दीर-जावा, पोरंबाळं मिळून दहा-बारा माणसं, शिवाय दोन शेळ्या. कुकर, मिक्सर, टीव्ही, दिराच्या मोबाईलवरची रील्स आणि सासूबाईंचं औरादच्या मैत्रिणीशी स्पीकर लावून अर्धं मराठी-अर्धं कन्नड बोलणं, सगळं एकाच वेळी. कुणी कुणाला थांबवत नाही. दुसऱ्याचा आवाज वाढला की हे आपला वाढवतात.

आणि मला लहानपणापासून आवाजाचा त्रास. कमी ऐकू येत नाही, जास्त येतं. कुणी शेजारी बसून चहा भुरकला की छातीत धडधडतं, हात थरथरतात, उठून पळत सुटावंसं वाटतं. उदगीरला कानाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "कान उत्तम आहेत... तोच तर प्रॉब्लेम आहे." औषध नाही म्हणाले, फोमचे बोळे दिले. ते कानात घालून मी सासरी भाकऱ्या थापायचे, त्यामुळे सून शिष्ट आहे हे सगळ्यांचं लवकरच ठरून गेलं. नवऱ्याला मी एकच गोष्ट मागत होते — बिदरला एक खोली भाड्यानं घेऊ. सासूबाईंनी ते ऐकलं की चार दिवस त्यांच्या तोंडाला कुलूप असायचं.

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. तर मामा रोज दिवेलागणीला शेतातून यायचे आणि गेटपाशी थांबून खाकरायचे. दोनदा मोठ्यानं, मग एकदा बारीक. ही जुनी रीत. घरातला वडीलधारा आत येतोय, बायकांनी पदर सावरावा, म्हणून. गंमत अशी की पदराची पद्धत मामांनीच बंद केली होती. "पदर-बिदर काई नगं, शिकल्याल्या पोरी हाव तुमी," असं त्यांनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला बजावलं. खाकरणं मात्र त्यांचं सुटलं नाही. घरातल्या सगळ्या आवाजांत मला सगळ्यात जास्त त्रास त्याचाच व्हायचा. एकदा हातातली वरणाची पळी खाली पडली. पण सासऱ्याला कोण सांगणार, खाकरू नका म्हणून!

मी बोलले नाहीच. तरी एके दिवशी ते बंद झालं. मामा वेळेवर घरी यायचे, पण आवाज नाही. मग एका संध्याकाळी स्वयंपाकघरात असताना बाहेरचं बोलणं कानावर आलं. शेजारचे विचारत होते, "अण्णा, आपल्याच दारात उभं कामून ऱ्हायलाव?"

"सून आत हाय," मामा म्हणाले. "खाकरलं की दचकतंय लेकरू. कुनी भाईर आलं की जातो आत."

तेव्हापासून दिवेलागणीला मी काहीतरी निमित्त काढून अंगणात जायला लागले. "या मामा." "आलो." बास, एवढंच आमचं बोलणं. मला त्या माणसाबद्दल फार माया वाटायची. ती कधी बोलून दाखवली नाही, तशी आमच्यात पद्धतही नाही.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, घर पुन्हा गाजायला लागलं. मी थोडे दिवस मुडबीला माहेरी जाऊन आले. परतले तेव्हा सगळ्यांचं वागणं जरा चमत्कारिक वाटलं. मी आत गेले की बोलणं थांबायचं. शेवटी धाकटी जाऊ सुनीता हिला धुण्याच्या दगडापाशी गाठून विचारलं.

"अक्का, हसू नका," ती म्हणाली. "तुमी गावाला गेल्ता न्हाई का... तवा मामा यायचे. रोज. गेटापाशी खाकरायचे, दोनदा आन् मग बारीक. समद्यांनी ऐकलं. तुमी आलाव आन् बंद झालं बघा."

मी हसले नाही, पण मानलंही नाही. शेळ्या खोकतात, त्या काय माणसापेक्षा फार वेगळ्या खोकत नाहीत. नवऱ्याला विचारलं तर तोही म्हणाला, "शेळीच असंल." मात्र हे म्हणताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

मग मी लॅबवाल्या बाईनं करावं तेच केलं. एक दिवस संध्याकाळची ड्यूटी मागून घेतली आणि सुनीताला सांगितलं, माझा जुना मोबाईल कपाटावर रेकॉर्डिंगला लावून ठेव. दुसऱ्या दिवशी दुपारी घर रिकामं बघून ते ऐकलं. नेहमीचाच गोंधळ. कुकर, टीव्ही, पोरांची मारामारी, शेळ्यांचं ओरडणं... खाकरण्याचा आवाज त्यात कुठेही नाही. पण एका ठिकाणी टीव्ही बंद होतो. पोरं गप्प होतात. मिक्सर थांबतो. आमचं घर, जे कधीही, मयताच्या दिवशीसुद्धा, गप्प बसलं नव्हतं, ते थोडा वेळ पूर्ण शांत आहे. आणि त्या शांततेत आत्यांचा आवाज येतो, "आलाव व्हय?"

मी ते चार-पाच वेळा ऐकलं. 

कुणाला काही बोलले नाही. पण आत्यांनीच विषय काढला. मी तांदूळ निवडत होते, त्या येऊन शेजारी बसल्या. मामा गेल्यापासून त्या फार वाळल्या होत्या.

"तुजी ती बिदरची खोली," त्या म्हणाल्या. "घे की आता. मी काई म्हणत न्हाई."

मी तांदळातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"राग मानू नगंस बाई. असलं आपल्यात काई नसतंय, मला कळतंय. पर तू घरात असलीस की ते येईनात. तुला तरास हुईल म्हनून येईनात ते... आन् मला त्येवढाच आवाज ऱ्हायलाय आता."

इतकी वर्षं जे मागत होते ते हातात आलं होतं. बोळ्यांशिवाय बसता येईल अशी खोली. आणि मला इतकं वाईट वाटलं की हातातलं सूप बाजूला ठेवावं लागलं. घर सोडून जायला सांगितलं म्हणून नाही. या बाईच्या आणि तिच्या माणसाच्या मध्ये मी बसलेय, नुसती घरात असून बसलेय, म्हणून.

त्या दिवशी दिवेलागणीला मी गेटपाशी गेले. आत टीव्ही चालू, भांडी वाजत होती. गल्लीत कुणी नव्हतं. आपण काय करतोय याची मला स्वतःचीच लाज वाटत होती, पण बोलले. मोठ्यानं बोलले. "मामा, खाकरत जावा. मला काही होत नाही."

हे खरं नव्हतं. पण बोलले.

काहीच झालं नाही. मी वळले... आणि आत टीव्ही बंद झाला. मग भांडी थांबली. पोरं, दीर, सुनीता, सगळे जिथल्या तिथे थांबून गेटाकडे बघत होते. माझ्या कानात बोळे नव्हते. तीन घरं पलीकडचा नळ ठिबकतोय हे मला ऐकू येत होतं. दुसरं काहीही नाही.

आत्या उंबऱ्यात आल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण चेहरा कितीतरी दिवसांनी सैल पडला होता.

"ऐकलीस?" त्या म्हणाल्या. "लई हळू खाकरले आज."

सगळ्यांना मिळून भास होतो का, ते मला माहीत नाही. झाला तर मला एकटीलाच तो का होत नाही, तेही माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला सांगता आलं तर मी ऐकून घेईन, मानेनच असं नाही.

बिदरची खोली आम्ही घेतली नाही. आत्यांना आता रोज ऐकू येतं, मी घरात असले तरी. आवाजाचा त्रास मला होता तसाच आहे. दिवेलागणीला मात्र मी बोळे काढून अंगणात जाऊन बसते. मला अजून एकदाही ऐकू आलेलं नाही.