खांदे आणणारे काकाजी

आमच्या घरात लाज आणणारी माणसं काही कमी झाली नाहीत, पण माझ्या चुलतसासऱ्यांची बरोबरी त्यातल्या एकालाही करता आली नाही. आम्ही सुना त्यांना काकाजी म्हणायचो. ते दारू पीत नव्हते, पत्ते खेळत नव्हते, कोणाच्या काडीलाही हात लावत नव्हते. ते फक्त दुसऱ्यांचे खांदे घेऊन फिरायचे.

हे नीट सांगावं लागेल. आमच्याकडे तेव्हा नवरदेवाचा कोट मुलीच्या बापाने शिवायचा अशी रीत होती. मापासाठी नवरदेवाला बोलावणं म्हणजे त्याचा अपमान, आणि टेप घेऊन त्याच्या घरी जाणं म्हणजे आपला. म्हणून त्याच्यासारख्या अंगाचा गावातला एखादा माणूस टेलरपुढे उभा करायचा आणि बाकी देवावर सोडायचं. अड्याळच्या बाजारातला टेलर म्हणायचा, पोट ढिलं करता येतं, बाही आखूड करता येते, पण कोटाचा खांदा एकदा चुकला की चुकला. हे काकाजींनी एकदा ऐकलं आणि तिथून आमचा त्रास सुरू झाला. ते सायकलीने नवरदेवाच्या गावी जायचे. बैल विकाऊ आहे का, असं काहीतरी विचारत त्याच्या घरासमोर थांबायचे, पोराला पुढून-मागून पाहायचे आणि त्याचे खांदे आपल्या अंगावर चढवायचे. पोरगा खांदे पाडून चालत असला तर हेही पाडायचे, छाती काढत असला तर हेही काढायचे. मग आणलेला खांदा वाटेत सांडू नये म्हणून सायकल तिथेच ठेवून पायी परत यायचे. ती सायकल माझ्या नवऱ्याने दुसऱ्या दिवशी जाऊन आणायची. वाटेत कोणी रामराम केला तर काकाजी हात उचलायचे नाहीत. घरी आल्यावर मी पाणी पुढे केलं तर म्हणायचे, "नोको बाई, खांदा हालते." टेलरपुढे उभे राहून सांगायचे, "मी आता पवनीचा पोरगा आहो. घे माप." माप झालं की अंग झटकायचे आणि बिडी पेटवायचे.

एकदा भंडाऱ्याच्या एका नवरदेवाचा खांदा ते एसटीतून आणत होते, आणि माझं नशीब असं की मीही त्याच गाडीत होते. कंडक्टरने तिकिटाचे पैसे मागितले. काकाजी लाकडासारखे ताठ बसून म्हणाले, "खिशातून तूच काढ गा. मी ह्या वक्ती माह्या अंगात नाही." सारी गाडी हसली. बाजूच्या बाईने मला विचारलं, "तुमच्यातले काय वो?" मी म्हटलं, "नाही वो बाई, मी तं वळखतही नाही." आणि भंडारा ते अड्याळ खिडकीबाहेर पाहत बसले. कोट मात्र बसायचे. त्यात खोटं बोलण्यात अर्थ नाही. बेलबॉटमच्या त्या दिवसांत आजूबाजूच्या गावांतले किती तरी नवरदेव काकाजींच्या अंगावरून उतरलेल्या कोटात बोहल्यावर चढले.

मग माझ्या मोठ्या पोरीचं कोंढ्याला जमलं. पोरगा भंडाऱ्याला हापिसात होता, सुटीला गावी यायचा. मी नवऱ्याला म्हटलं, या खेपेला काकाजी नकोत, शेजारच्या कोणाला तरी उभं करू. पण काकाजी सकाळीच सायकल घेऊन कोंढ्याला गेले होते. दिवे लागायच्या वेळी परत आले, तेव्हा त्यांचा उजवा खांदा कानाला भिडला होता.

"काकाजी, पोरगा वाकडा आहे काय?"

"वाकडा काहून राहीन? खांदाच तसा आहे त्याचा. मानी आहे पोरगा."

"आमी पाह्यला तवा तं सीधा होता!"

"तुमी पोहे देता देता पाह्यला. मी पाह्यासाठी पाह्यला."

मी ही गोष्ट पोटात ठेवली. पोरीलाही सांगितली नाही. जमलेलं मोडलं तर दुसरं कोण येईल, ही एक धास्ती, आणि आपण व्यंग असलेल्या पोराला पोरगी देतो आहोत, ही दुसरी. कोट शिवून झाला. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला उंच, आत कापूस भरलेला.

लग्नाच्या दिवशी नवरदेव गाडीतून उतरला तो बांबूसारखा सरळ. मी देवाला हात जोडले, आणि मग मला कोट आठवला. मांडवाच्या दारातच आमच्या माणसांनी तो त्याच्या अंगावर चढवला. डावी बाजू झकास बसली. उजवा खांदा कोंबडीने पंख उचलावा तसा रिकामाच वर उभा. बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या. नवरदेवाचा मामा भडकला. "जावयाची टिंगल कराले बलावलं काय आमाले? दुसरा कोट आणा, नाही तं पोरगा बोहल्यावर चढत नाही!" मुहूर्त तोंडावर आलेला. दुसरा कोट आणायचा कुठून? आत पोरगी नटून बसलेली, विचारत होती, "आई, काय झालं वो?"

तेवढ्यात काकाजी गर्दीतून पुढे आले. "बाबू, मी आलो त्या दिवशी तुहा खांदा वर होता. होता का नाही?"

नवरदेव लाजून म्हणाला, "काखेत काखमांजरीचा फोड आला होता जी. फुटली मंग."

मांडव हसून हसून लोळला. काकाजी हसले नाहीत. एवढ्या वर्षांत त्यांचा चेहरा तसा उतरलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी त्या पोरापुढे हात जोडले. "माह्यापायी फजिती तुही झाली, बाबू. लगन लागेपर्यंत तो खांदा परत आणशीन काय? मी समोर उभा राह्यतो."

पोराने मामाकडे पाहिलं, काकाजींकडे पाहिलं आणि खांदा उचलला. कोट असा बसला की मामाच त्याला बोहल्याकडे घेऊन निघाला.

मंगलाष्टकं सुरू झाली. पोराच्या खांद्याला विसर पडे, कोटाला घडी पडे. मग समोर काकाजी आपला खांदा आणखी वर करत आणि पोरगाही करे. दोघं झुंजीच्या कोंबड्यांसारखे उभे. लहान पोरांनी नक्कल सुरू केली आणि पाहता पाहता अर्धं वऱ्हाड एक खांदा वर करून अक्षता टाकू लागलं. मी पदर नाकापर्यंत ओढला होता. धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं. अंतरपाट खाली आला. माझ्या पोरीने नवऱ्याला पाहिलं, काकाजींना पाहिलं आणि हार घालताना आपलाही खांदा हळूच वर केला. तिला लाज वाटली नाही. तिच्या वाट्याचीही मलाच वाटत होती.

बँड वाजला. काकाजी म्हणाले, "सोड बाबू आता." आणि मांडवाबाहेर निघून गेले. जेवायलाही आले नाहीत.

पुढे भंडाऱ्याला तयार सूट मिळू लागले. नवरदेव स्वतःच जाऊन घालून पाहत. काकाजींना कोणी पाठवत नसे. ते संध्याकाळी अड्याळच्या स्टँडवर बसून उतरणाऱ्या पोरांकडे पाहत राहत आणि अंधार पडला की घरी येत. येताना त्यांचा एक खांदा जरा खाली आलेला असे. तो कोणाचा, हे मी कधी विचारलं नाही.